तोकडी तार आणि थोरल्यांचा वाटा

मी प्रवासाला गेलो असं म्हणायला मला जरा संकोच वाटतो. मला पाठवलं होतं. वाशीच्या खाडीवरून रेल्वे सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. नवी मुंबईत, पावण्याच्या एका गाळ्यात आमचं वर्कशॉप होतं, बॅटरी चार्जर बनवायचं. सेठला कुणीतरी परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं, कुंपणाच्या तारेला झटका देणाऱ्या मशीनचं. जनावर तारेला लागलं की दचकतं, मागे फिरतं, मरत नाही. सेठने महिनाभरात तसं मशीन जुळवलं आणि पहिली टेस्ट माझ्यावर घेतली. "रमेश, तार पकड." पकडली. कोपरापर्यंत हात बधिर झाला आणि तोंडातून जी शिवी निघाली ती सेठलाच बसली. सेठ खूश. म्हणाला, माल पास.

पहिली ऑर्डर आमच्या वॉचमननेच आणली. तो कर्नाटकातल्या हल्याळकडचा, घरी मराठी बोलणारा. त्याचा साडू परशुराम तिकडे जंगलाच्या कडेला भातशेती करायचा आणि दोन वर्षं लागोपाठ त्याचं पीक हत्तींनी नेलं होतं. मशीन बसवायला मी जायचं ठरलं.

घरी, बोनकोडे गावात, सांगितलं तर आई भाकरी थापता थापता थांबली. "गनपतीला शॉक द्याला चाललास? डोकं फिरलंय का तुजं?" मी म्हटलं, आई, नोकरी आहे. तिने तरी परक्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सुक्या जवळ्याची पुडी बांधून दिली.

परशुरामच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. पुढे जे सांगणार आहे ते कायद्यात बसत नाही आणि ती माणसं अजून तिथेच राहतात.

हल्याळ

बेळगावपर्यंतचा रात्रीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. बेळगावहून हल्याळच्या गाडीत मात्र मजा आली. माझ्या मांडीवर मशीनची पेटी, पायाशी तारेची वेटोळी. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय हो हे? मी म्हटलं, हत्तींसाठी. अख्खी गाडी एकदम गप्प. मग पुढच्या बाकावरची एक बाई मागे वळून म्हणाली, "नाव घेऊ नका की हो. थोरले म्हणा."

तिकडे सुगीच्या दिवसांत कुणी हत्तीला हत्ती म्हणत नाही. थोरले. "थोरले उतरलेत", "थोरले पल्याड हायत", असं. दांडेलीकडच्या जंगलातून भात पिकायच्या सुमाराला ते खाली येतात आणि खळी संपली की परत जातात. गाडीतल्या प्रत्येकाकडे एक गोष्ट होती. कुणाच्या परसातली केळी गेली, कुणाच्या घराची भिंत पाडून आतलं मीठ खाल्लं. सांगताना राग होता, पण शिवी कुणी दिली नाही. आमच्याकडे डुकराने वांग्याचं रोप उकरलं तर त्याच्या सात पिढ्या निघतात.

स्टँडवर परशुरामभाऊ बैलगाडी घेऊन उभा होता. चाळिशीचा, उंच, मान जरा पुढे काढून चालणारा. त्याने आधी पेटी बघितली, मग मला. "मशीन हेच व्हय? एवढंसं?" आणि पेटी गाडीत ठेवून त्याने बैल हाकले.  दोन्ही बाजूंना पिवळी भातं आणि त्यांच्यामागे लगेच काळं जंगल, मधे काहीच नाही. आमच्याकडे गाव आणि कारखाना असे चिकटलेले असतात.

घरात तो आणि त्याची बायको, रेणुकावहिनी, दोघंच. मुलगा धारवाडला शिकायला. वहिनी बुटकी, चटपटीत, बोलायला लागली की हात थांबत नाहीत. मी मोठ्या थाटात जवळ्याची पुडी पुढे केली. तिने वास घेतला, परशुरामभाऊकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "दादा, भात घरात येईपतोर चुलीवर मासळी न्हाई चढत आमच्यात. राखणीची चूल हाय ही." पुडी अंगणातल्या फणसाला टांगली गेली. सकाळपर्यंत मुंग्यांनी अर्धी संपवली होती. मी मात्र लाल उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं कढण आणि भाजलेली मिरची असं जेवलो, आणि खरं सांगतो, दोनदा वाढून घेतलं.

जेवताना वहिनी एकदम म्हणाली, "दादा, तुमच्या वाशीला पाणी किती येळ येतंय?"

मी म्हटलं, "सकाळी तास, संध्याकाळी तास. का हो?"

"ह्यांना इचारा."

परशुरामभाऊ ताटाकडे बघत म्हणाला, "यंदाबी गेलं तर मी चाललो. साडू म्हणतोय मार्केटात वझी उचलायचं काम मिळंल. दोन वर्सं गवत कापून घरात आणलंय मी, भात न्हाई."

 वहिनीने मला आणखी भात वाढला, मी नको म्हणत असताना. त्या घरात काय कशावर अवलंबून आहे ते मला तेव्हा कळलं. मशीन चाललं तर घर राहणार, नाहीतर कुलूप लागणार. मी ठरवलं, आपण आपलं काम करायचं, टेन्शन घ्यायचं नाही.

शेत

दुसऱ्या दिवशी सकाळी शेत बघायला गेलो आणि माझं तोंड उतरलं.

चूक अशी झाली होती. वॉचमनने सेठला शेत साडेतीन एकर सांगितलं. सेठने कागदावर साडेतीन एकराचा एक झकास चौकोन काढला, चार बाजू मोजल्या, दोन पदरी तार धरली, वर थोडी जास्त घेतली आणि माल बांधला. मी तो कागद बघितला होता आणि मान डोलावली होती. वर्कशॉपमधल्या माणसाला जमीन म्हटलं की प्लॉट दिसतो. इथे शेत ओढ्याच्या कडेकडेने जिन्यासारखं उतरत गेलं होतं, कुठे दहा पावलं रुंद, कुठे पन्नास. भोवती फिरलो तर चौकोनाच्या दीडपटीहून जास्त भरलं. लाज वाटायचं कारण असं की मी काही शहरात जन्मलेला नाही. माझ्या बापाने बोनकोड्याच्या खाडीलगतच्या खाजणात भात लावलेलं मी बघितलंय. सरकारने जमीन घेतली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तेवढ्या वर्षांत डोळे इतके चौकोनी होतात हे मला माहीत नव्हतं.

परशुरामभाऊला सांगितलं, तार पुरणार नाही, काहीतरी बाहेर ठेवावं लागेल.

तो म्हणाला, "बाहेर काय न्हाई ठेवायचं."

"मग आधीची दोन खाचरं सोडू, घराकडची."

"थोरले घराकडूनबी येतात."

शेवटी मीच म्हटलं की सगळ्यात खालचा, ओढ्याला लागलेला लांबट तुकडा सोडला तर तार बरोबर बसते. वहिनी बांधावर उभी होती. तिचा चेहरा असा उजळला की मला कारण कळेना. मग तिनेच सांगितलं. तो तुकडा म्हणजे थोरल्यांचा वाटा. सासऱ्यांच्या वेळेपासून तो पेरायचा, खुरपायचा, पण शेवटपर्यंत कापायचा नाही. थोरले ओढ्याने येतात, तिथे खातात, बहुतेक वेळा तिथूनच मागे जातात. उरलं तर आपलं.

"बहुतेक येळा," परशुरामभाऊ म्हणाला. "दोन वर्सं वाटा खाल्ला आन वर येऊन आमचंबी खाल्लं. ह्या वर्साला वाटा न्हाई. देणार न्हाई मी. सगळ्यात चांगलं भात तिथं हाय."

"तुमी दोन्ही वर्सं वाटा आधीच कापून आणलासा," वहिनी म्हणाली. "पयल्या वर्साला अर्धा, गेल्या साली सगळा. मग काय करतील ते?"

"गप."

दोघांपैकी कोण खरं ते मला सांगता येणार नाही. मी नवरा-बायकोच्या भांडणात खांब रोवत राहिलो. तार तेवढीच होती, म्हणून वाटा बाहेरच राहिला.

ओढ्याबद्दल एक सांगायला पाहिजे. प्यायचं पाणी ओढ्याकाठच्या झऱ्याचं. झऱ्याची वाट वाट्याच्या कडेने जाते. आणि ह्या झऱ्यावर पाळी ठरलेली आहे, रात्र थोरल्यांची आणि दिवस माणसांचा. अंधार पडला की गावातलं कुणी पाण्याला जात नाही, आणि उजाडायच्या आत थोरले जंगलात शिरलेले असतात. वहिनी म्हणाली, कधी कधी ती पोचते तेव्हा झऱ्याच्या चिखलात त्यांच्या पायाच्या खड्ड्यांत पाणी अजून हलत असतं. हे तिने मला असं सांगितलं जसं आपण सांगतो की शेजारीण आत्ताच नळावरून गेली. आमच्या सोसायट्यांत पाण्याच्या पाळीवरून हंडे डोक्यात घालतात.

झटका

दीड दिवस लागला. बांबूचे खांब, चिनी मातीचे इन्सुलेटर, दोन पदर तार, ओल्या जागेत अर्थिंगचा रॉड. बॅटरी जोडून चालू केल्यावर मशीन टक, टक, टक असं बोलायला लागलं. गावातली पाच-सहा माणसं जमली होती. एकाने गवताची काडी तारेला लावून बघितली आणि तीन फूट मागे उडी मारली. सगळे हसले. परशुरामभाऊ हसला नाही. त्याने मला बाजूला घेतलं.

"पाव्हणं, खरं सांगा. ह्यानं थोरला मरत न्हाई?"

"नाही. दचकतो फक्त."

"आन पंपाची लाईन डायरेक्ट जोडली तर?"

त्याच्या पंपाची खोली वाट्याच्या वरच्या अंगाला होती, खांबावरून तिन्ही फेज आलेल्या. मी म्हटलं, "डायरेक्ट जोडली तर हत्ती मरतो, गाय मरते, माणूस मरतो. तुम्ही तुरुंगात जाता ते वेगळंच. तो विचारसुद्धा करू नका."

मी हे नीट, आवाज चढवून सांगितलं. त्याने मान हलवली.

संध्याकाळी वहिनी भाकरीला बसली होती. परशुरामभाऊ आला आणि म्हणाला, "जरा पक्कड द्या." मी दिली. कशाला ते विचारलं नाही. थोड्या वेळाने मी तोंड धुवायला मागे गेलो तेव्हा तो उजेड संपता संपता पंपाच्या खोलीकडून खाली वाट्याकडे जाताना दिसला. खांद्यावर कपडे वाळत घालायच्या तारेचं वेटोळं होतं. त्या आठवड्यात गावाला लाईट रात्रीची होती.

मला कळलं. न कळण्यासारखं काही नव्हतंच. मी तिथे तांब्या हातात धरून उभा राहिलो आणि माझ्या मनात जे आलं ते आहे तसं लिहितो. आपलं काम झालंय. शेत त्याचं, लाईन त्याची. मी एकदा सांगितलंय. दोन वर्षं ज्याचं पीक गेलं त्याला मी, पगारी माणूस, आणखी काय शिकवणार? बघू, सकाळी बोलू. मग मी जेवलो, ओसरीवर घोंगडी घेतली आणि झोपलो. परशुरामभाऊ नेहमीसारखा वाजवायचा डबा आणि काठी घेऊन राखणीच्या मचाणावर गेला.

थोरले आले, ते मी बघितलं नाही. हत्ती बघायला कर्नाटकात गेलेला आणि झोपून राहिलेला मीच असेन. वाचणाऱ्याची निराशा होत असेल तर माफ करा.

सकाळ

जाग आली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. चूल पेटलेली, पण चुलीपाशी कुणी नाही. ओसरीच्या टोकाला जिथे घागरी असायच्या तिथे ओले गोल डाग फक्त. घागरी नव्हत्या.

मी धावलो. चप्पल घातली की नाही आठवत नाही. मचाणाखाली पोचलो तर परशुरामभाऊ शिडीवरून घसरत खाली येत होता, डोळे सुजलेले, धोतर सुटलेलं. "डोळा लागला," एवढंच म्हणाला. दोन वर्षांत तो मचाणावर कधी झोपला नव्हता. मशीनची टकटक ऐकत, कुंपण आहे म्हणून, त्या दिवशी झोपला. त्याचा बेत होता की उजाडायच्या आत उठून पंपाची लाईन काढायची. तो पुढे, मी मागे, असे आम्ही बांधांवरून पडत-उठत खाली गेलो.

वाटा संपला होता. कापल्यासारखा नव्हे, लोळवल्यासारखा. चिखलात परातीएवढे पाय, मधे एक लहान पाय. लिदेची वाफ निघत होती. आमच्या कुंपणाचा एक बांबू तिरका झाला होता, तारेच्या वरच्या पदराला ओला चिखल लागला होता, पण तार शाबूत, आणि तिच्या आतलं भात जसंच्या तसं उभं. ते मी नंतर बघितलं. तेव्हा आम्हाला फक्त ती दुसरी तार दिसत होती, कपडे वाळत घालायची, खुंट्यांवरून सुटून झऱ्याच्या वाटेवर आडवी पडलेली. आणि वाटेने रेणुकावहिनी वर येत होती. डोक्यावर एक घागर, कमरेला एक, अंगावर पाणी सांडलेलं, अनवाणी.

परशुरामभाऊ ओरडला. काय ओरडला ते शब्दांत नाही. मीही ओरडलो. "वहिनी, थांबा! तार! तार!"

ती थांबली नाही. तिने आमच्याकडे बघितलं, आणि बघत बघत तिचा पाय बरोबर तारेवर पडला. दुसरा पाय उचलला, पुढे टाकला आणि ती चालत आली.

परशुरामभाऊ चिखलात बसला होता. तिने कमरेची घागर त्याच्याशेजारी ठेवली.

"फ्यूज तांदळाच्या डब्यात हायत," ती म्हणाली. "कुठला काढायचा कळेना म्हणून तिन्ही काढले. तुमी मचाणावर गेल्यावर. माजी कपड्यांची तार जागेवर न्हवती, तवाच कळलं."

 तीन फेजचे फ्यूज, अंधारात, कुणी न शिकवता. म्हटलं, "वहिनी, हाताने काढलेत?"

"मग काय पायानं? पदर गुंडाळला हाताला."

 परशुरामभाऊ म्हणाला, "मी उठून बंद करणार हुतो. तू पाण्याला जायच्या आदी."

"माज्या आदी?" ती म्हणाली. तेव्हा मात्र तिचा आवाज फुटला. "अवो, वीस वर्सं झाली ह्या घरात. एक दिवस उठलायसा माज्या आदी?"

त्याने तिचा पाय धरला, तोच, चिखलाने भरलेला. ती म्हणाली, सोडा, घागर पडंल. तो रडत होता. मला तिथून जावंसं वाटत होतं पण जाता येईना. मग ती माझ्याकडे वळली.

"दादा, पक्कड तुमचीच न्हवं?"

"हो."

"तुमी बघितलंत त्यांना, तार न्हेताना?"

"हो."

"मग मला सांगायचं की," ती म्हणाली. रागाने नाही, समजावल्यासारखं. "त्यांना सांगून काय उपेग? मला सांगायचं."

मी खाली ठेवलेली घागर उचलली आणि घराकडे चालायला लागलो. 

कापणी

त्याच दिवशी कापणी धरली. दोन दिवस मी राहिलो आणि विळा चालवला, बापाने शिकवलेला हात अजून विसरला नव्हता. परशुरामभाऊ सांगत होता की झटक्यामुळे थोरले मागे फिरले. वहिनी सांगत होती की वाटा मिळाला म्हणून फिरले. गावाचे दोन तट पडले. भात घरात आलं, त्या रात्री चुलीवर मासळी चढली आणि वाशीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

परत आल्यावर सेठने विचारलं, काय रे, चाललं का? मी म्हटलं, चाललं. बाकीचं सांगितलं नाही. सेठला त्यात रस नव्हता आणि मला सांगायला तोंड नव्हतं. तिकडून आणखी ऑर्डरी आल्या, पुढच्या सुगीला आणि त्याच्या पुढच्या. सगळ्या मीच बसवल्या. आता सेठच्या कागदावर चौकोन नसतो, मी आधी जाऊन शेताभोवती चालून येतो.

आणि पेटी उघडायच्या आधी मी घरात जाऊन एक गोष्ट विचारतो, तुमच्याकडे पहाटे सगळ्यात आधी कोण उठतं? पुरुष हसतात. म्हणतात, मशीनचा आणि त्याचा काय संबंध? मग आतून कुणीतरी बाई, हात पुसत, दारात येते. मी तिला सांगतो, वहिनी, तुम्ही बसा इथे. काय कुठे जोडलंय आणि कुठे बंद करायचं, ते मी तुम्हाला दाखवतो.